नाव धाडा

२४ मार्च १९६६. सकाळ.
पाडवा काल झाला. संकल्प कालच करायचे होते, पण पुरणपोळीनंतर झोप लागली. म्हणून आज. एक, राग आवरणे. दोन, साहेबाची होडी दुरुस्त करणे. तीन, वत्सला. तिसऱ्यात नक्की काय करायचं ते ठरलेलं नाही, पण संकल्प केला.
ही वही कुणी वाचू नये. आबा, तुम्ही वाचत असाल तर ठेवा खाली.

दुपारी.
राग आला. म्हशीवर. तिला कळला नाही, म्हणजे तो धरायचा नाही.

२५ मार्च.
कॉलेजचा विषय इथे एकदाच लिहून कायमचा मिटवतो. कॉलेज मी सोडलं. गावात म्हणतात, काढलं. इंटर सायन्सच्या प्रॅक्टिकलला सरांनी पंचवीस पोरांदेखत मला "काय हो मुळशीचे पाणी" म्हटलं. मी टेस्ट ट्यूब खाली ठेवली. जरा जोरात ठेवली. मग शेजारच्याही ठेवल्या. आणि संध्याकाळची एसटी पकडली. केमिस्ट्रीचं नुकसान झालं, माझं नाही.

२६ मार्च.
होडीबद्दल. पुण्याच्या एका फॅक्टरीवाल्या साहेबाची. धरणाचं पाणी उतरलेलं, आणि हा शिडासकट फुल स्पीडमध्ये जुन्या बुडीत गावाच्या भिंतीवर! पोहत काठाला आला, ओलाच मोटारीत बसला आणि आबांना म्हणाला, कीप इट. आबांना वाटलं, "किती" विचारतोय. म्हणाले, पैसं कशाला, फुकट न्या की! साहेब गेला. होडी आमच्या गोठ्यामागे.
लाकूड नाही, पत्रा नाही. फायबरग्लास. म्हणजे काचेच्या धाग्याचं कापड आणि वर रेझिन नावाचा चिकट रस. वाळला की दगड. पुढच्या अंगाला भोक आहे, त्यातून माझं डोकं आरामात जातं. (बाहेर यायला वेळ लागला.)
गावात हिला "काचंची नाव" म्हणतात. रोज दोघं-चौघं बघायला येतात आणि पलीकडचं दिसत नाही म्हणून नाराज होऊन जातात.

२७ मार्च.
वत्सला. धरणाच्या पल्याडची, हैबतरावांची धाकटी. पौडच्या बाजारात एकदाच बोललो. ती मिरच्या वाळत घालून बसली होती. मला म्हणाली, सरका की वाईच, मिरच्यांवर सावली पडतीया तुमची.
इतकी माणसं उभी होती. सावली फक्त माझी दिसली.

३० मार्च. महत्त्वाचं!!
आई-आबा भूगावला लग्नाला. घरी मी एकटा. बांगड्या भरणारी बीबीजान आली. ती दोन्ही काठांवर फिरते, त्यामुळे तिच्या टोपलीत बांगड्या कमी आणि निरोप जास्त. म्हणाली, आई कुटं हाय? मी म्हटलं, मला सांगा. तर म्हणाली, हैबतरावांनी सांगितलंय की अक्षयतिजंच्या आत नाव धाडा, जुळलं तर फुडचं बोलू.
म्हणजे पल्याड बातमी गेली! मी नाव दुरुस्त करतोय ही! आणि हैबतरावांनी पैज लावली आहे. भंगलेली नाव जोडून दाखव, पाण्यातून माझ्या दारी धाड, मग पोरीचं बोलू. खरा मर्दाचा सासरा.
बीबीजानचं व्याकरण मात्र कच्चं. "नाव जुळलं" म्हणाली. नाव स्त्रीलिंगी आहे. "जुळली" हवं. मी तिथल्या तिथे सुधारून दिलं. ती म्हणाली, तुमी म्हनाल तसं, पर आईला सांग. मी म्हटलं, सांगतो.
सांगणार नाही. सरप्राइज.

१ एप्रिल.
काम सुरू. आधी भोकाच्या कडा पॉलिश पेपरने घासायच्या. दिवसभर घासलं. काचेचा बारीक भुगा उडतो. छान चमकतो.

१ एप्रिल, संध्याकाळी.
खाज.

२ एप्रिल.
खाज. मान, पोट, आणि जिथे भुगा पोचूच शकत नाही तिथेसुद्धा. आई म्हणते, खाजकुइलीत लोळलास का? आबा म्हणाले, गोठ्यात बांधा, म्हशीबरोबर राखेनं चोळू. राग आवरला. दोन्ही हात खाजवण्यात गुंतले होते.

४ एप्रिल.
साहेबाच्या पेटीत सगळा माल आहे. काचेचं कापड, रेझिनचा डबा, हार्डनरची छोटी बाटली. बाटलीवर इंग्रजीत लिहिलंय, थोडेच थेंब घाला. हार्डनर म्हणजे कडक करणारा. जास्त घातला तर जास्त कडक होणार, हे सांगायला केमिस्ट्रीचे सर लागत नाहीत. साहेबाने कंजूषपणा केला म्हणूनच होडी फुटली असणार.
अर्धी बाटली घालतो. आईचं मोठं पातेलं आणि पळी घेतली. ती मळ्यात गेली आहे.

अर्ध्या तासाने.
रस तापला. आपोआप! चूल नाही, काडी नाही. मग धूर. मग पातेलं तडतडलं. मी शौर्याने ढवळत होतो, तोवर पळी थांबली. पातेल्यात पळी उभी. हलत नाही. पळी धरून उचलली तर पातेलं सोबत येतं.
शास्त्रीयदृष्ट्या प्रयोग यशस्वी. कडक झालं.

५ एप्रिल.
आई पातेल्याबद्दल जे बोलली ते इथे लिहीत नाही. शेवटी म्हणाली, तुझ्यापायी मी तिकडं तोंड घालून बसलीया अन् तू हितं भांडी जाळ. तिकडं म्हणजे कुठे, ते विचारायला सुचलं नाही. माहेरचं काही असेल.

७ एप्रिल.
दुसरा प्रयत्न. आता अक्कल वापरली. हार्डनर एकच थेंब. भोकावर काचेचं कापड, वर रस, पुन्हा कापड, पुन्हा रस. सुंदर बसलं. उद्या सकाळी दगड.

८ एप्रिल.
दगड नाही. गुळाचा पाक.

९ एप्रिल.
अजून पाक. शेजारच्या खळ्यावर मळणी चालू, सगळा भुसा येऊन बसला. माश्या बसल्या, त्या उठल्या नाहीत. दुपारी कोंबडी बसली. ती सोडवली, पण काही पिसं ठेवून गेली. आबा लांबून बघून म्हणाले, नावंला पंख फुटलं की रं.

१० एप्रिल.
आई हल्ली सारखी दारात उभी. पल्याडनं काय निरोप आला का, असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, नाही. आबा तंबाखू मळता मळता म्हणाले, लई ताठा त्या हैबतीला, साधा निरोप धाडवंना. मला मनात हसू आलं. यांना काय माहीत, निरोप कुणाच्या खिशात आहे!

११ एप्रिल. वाईट दिवस.
बीबीजान रस्त्यात भेटली. म्हणाली, अजून तुमच्याकडनं नाव न्हाई आलं. हैबतराव वाट बघत्यात. बाकी दोघांची आली.
दोघांची! या पाण्यावर माझ्याशिवाय आणखी दोघं नाव बांधतायत? मला पत्ता नाही! मी विचारलं, कशी आहेत ती? म्हणाली, एकाचं काय खरं न्हाई, पर दुसऱ्याचं लई झ्याक. अठ्ठावीस भरलं.
अठ्ठावीस फूट. नाव आहे की पडाव? घरी येऊन माझी मोजली. अकरा.
मी बीबीजानला विचारलं होतं, किती माणसं मावतात? ती म्हणाली, कशात? मग माझ्याकडे बघून म्हणाली, कॉलेजात आसंच शिकवत्यात व्हय? आईला सांगितलंस न्हवं? मी म्हटलं, केव्हाच. आणि रागाने निघून आलो.
चप्पल तिथेच राहिली.

१२ एप्रिल.
विचार केला. लांबी म्हणजे सर्व काही नव्हे. माझी मॉडर्न आहे.
पुण्याला जाऊन रंगाच्या दुकानातून नवा रेझिन आणला. दुकानदाराने हार्डनर किती घालायचा ते सांगायला सुरुवात केली. मी म्हटलं, सायन्सचा विद्यार्थी आहे. त्याने तरी सांगितलं. मीही ऐकलं. परतीच्या एसटीत डबा मांडीवर. पिरंगुटच्या खड्ड्याला झाकण उडालं. शेजारचे गृहस्थ आणि मी पौडपर्यंत खूप जवळचे झालो. उतरताना कंडक्टरने वेगळं केलं.

१४ एप्रिल.
जमलं!!!
थोडे थेंब. नेमके थोडेच. एका तासात दगड. आबांनी काठीने ठोकून पाहिलं, वाजलं. काही बोलले नाहीत. आमच्यात याला शाबासकी म्हणतात.
पिसं आत राहिली, पण बाहेरून दोनच दिसतात.

१५ एप्रिल.
आता रंग. पौडच्या जैनुद्दीन पेंटरला बोलावलं. बीबीजानचाच मुलगा. ट्रका, दुकानाच्या पाट्या, तमाशाचे पडदे सगळं करतो. होडी कधी केली नाही. पण म्हणाला, गाडीच की, फकस्त चाकं न्हाईत.
मी म्हटलं, गर्द निळा. तो म्हणाला, मालक, तेल ज्यादा घालतो, चमकंल आरशावानी. वाळंल सावकाश, पर चमकंल.
मला चमक हवी आहे.

१६ एप्रिल.
निळी झाली. जैनुद्दीनने न विचारता पुढे दोन डोळे काढले, बाजूला कमळं, आणि मागे "हॉर्न द्या". मी विचारलं, हॉर्न कोण देणार, मासे? तो म्हणाला, सवय हाय हाताला, आपोआप येतंय.
आता मागच्या पाठीला, जिथे टेकून बसायचं, तिथे आतल्या बाजूने तिचं नाव. पण पूर्ण लिहिलं तर आबा तंगड्या तोडतील. म्हणून खडूने फक्त एक "व" काढून दिला. व म्हणजे वत्सला. समजणाऱ्याला समजेल. जैनुद्दीनला सांगितलं, मोठ्या पांढऱ्या अक्षरात कर, आणि न्याहारीला गेलो.

१६ एप्रिल, नंतर.
जैनुद्दीनला वाटलं, मालकाचं अर्धंच सुचलं. त्याने पुरं केलं. आता होडीत हातभर लांब लिहिलंय: वडिलांची कृपा.
ओरडलो. त्याच्यावर, रंगाच्या डब्यावर, कमळांवर. तो शांतपणे म्हणाला, मग काय "वहाण हळू चालवा" लिव्हायचं व्हतं का? तेवढ्यात आबा आले. वाचलं. पुन्हा वाचलं. उपरण्याने डोळे पुसले. म्हणाले, पोरगं सुधारलं.
आता पुसता येत नाही.

१९ एप्रिल.
रंग वाळला नाही. बोट लावलं, निळं झालं.

२१ एप्रिल.
वाळला नाही. म्हैस निळी झाली. थोडी.

२२ एप्रिल.
उद्या अक्षय्यतृतीया. हैबतराव म्हणाले होते, तिजंच्या आत. उद्या तीजच आहे, म्हणजे मी अगदी वेळेवर. अठ्ठावीस फुटी केव्हाच पोचली असेल, पण घाईने केलेल्या कामात फिनिश नसते.
एक वल्हं साहेबाचं आहे. दुसरं पाण्यात गेलं. आईचं धोपाटणं घेतो. कपडे एक दिवस थांबतील.

२४ एप्रिल. सकाळी.
कालचं लिहितो. सगळं.
सकाळी नाव पाण्यात. तरंगली! काठावरच्या बायकांनी, आली गं काचंची, म्हणून हात जोडले. एका बाजूला वल्हं, एका बाजूला धोपाटणं, त्यामुळे नाव सरळ न जाता गोल जायची. पण प्रत्येक गोल आधीच्यापेक्षा थोडा पुढे. ठिगळाच्या कडेने थोडं पाणी यायला लागलं. ते उपसायला आईचं पातेलं नेलं होतं, पळी चिकटलेलं. पळीचा दांडा काय सोयीचा पडला! वाया काही जात नाही.
पल्याड पोचलो ते पाठमोरा. वळून पाहिलं. सगळा काठ मोकळा. माझ्याशिवाय एकही नाव नाही. म्हणजे अठ्ठावीस फुटी वाटेत बुडाली. अशा वेळी आनंद मानू नये. मी जरासाच मानला.
वर हैबतरावांच्या अंगणात मांडव. तोरण. पाहुणे. मला वाटलं, माझं स्वागत. केवढी तयारी! मी निळ्या हातांनी सगळ्यांना नमस्कार केला.
हैबतराव उठून आले. आबाचा न्हवं तू, म्हणाले. मी म्हटलं, होय. तर म्हणाले, काय रं बाबा, म्हैना होत आला निरोप धाडून. आमी आपली वाट बघतुया. नाव का धाडलं न्हाई?
मी छाती काढून म्हटलं, आणली की! ही काय!
सगळी पंगतच उठून काठावर आली. हैबतराव नावेकडे बघतायत. नावेचे डोळे हैबतरावांकडे. मी म्हटलं, भंगली होती, जुळवली. बोटाने ठोकून दाखवली. तेव्हा मागून भटजी हळूच म्हणाले, हैबतराव, तुम्ही यांचं नाव मागवलं होतं ना? नावरास? पत्रिका जुळवायला?
मग काय झालं ते मी ऐकलं फक्त, पाहिलं नाही. मी पाण्याकडे बघत होतो. पहिल्यांदा एक म्हातारी हसली. मग सगळा गाव.
नाव. नपुंसकलिंगी. बीबीजानचं व्याकरण पक्कं होतं.
हैबतराव हसले नाहीत, तेवढं बरं. "वडिलांची कृपा" वाचून म्हणाले, कृपा ऱ्हाऊ दे, वडलांना निरोप तरी दिलास का? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, अरं, तुझ्या आईनंच बीबीजानकडनं इचारलं व्हतं. तुझ्यासाटनं.
भटजींना राहवेना. म्हणाले, आता आलेच आहेत तर जन्मनाव काय? माझं जन्मनाव घमाजी. मी ते कुणाला सांगत नाही, कॉलेजात तर मुळीच नाही. काल दोनशे माणसांत सांगितलं. भटजींनी पंचांग काढलं, बोटं मोजली, पुन्हा मोजली. म्हणाले, एकतीस गुण! या ठरलेल्या मुलाचे अठ्ठावीस होते. फार छान जुळत होतं हो.
हैबतरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, आता काय उपेग बाबा, साकरपुडा झाला, साकर तोंडात हाय.
तेव्हा अठ्ठावीस पुढे आला. तो फूट नव्हता, माणूस होता. पांढरा कोट, खिशाला फाउंटन पेन. म्हणाला, एक चक्कर मारू का? हौस हो. मी नाव धरली. तो नावेत मागे टेकून ऐटीत बसला. मी वल्हं मारलं, धोपाटणं मारलं, आम्ही तीन गोल फिरलो आणि जिथे होतो तिथेच लागलो. तो उतरला. पाठीवर निळ्यावर पांढरी अक्षरं, उलटी. वडिलांची कृपा. आरशात धरलं तर नीट वाचता येईल.
वत्सला बायकांच्या घोळक्यात उभी होती. अक्षरं पाहून तिने पदर तोंडाशी धरला, पण हसू पदराबाहेर आलं. मग नावेकडे वाकून बघितलं आणि मला म्हणाली, काचंची म्हनत्यात अन् पाण्यातलं मासं कुटं दिसत्यात हिच्यातनं?
मी म्हटलं, रंग दिलाय.
ती म्हणाली, द्यायचा न्हवता.
एवढंच बोलणं झालं. एकूण दोनदा.

२४ एप्रिल, दुपारी.
त्या तीन गोलांत वल्हं मोडलं, म्हणून मी चालत, धरणाला वळसा घालून आलो. नाव पल्याडच राहिली. हैबतरावांनी विचारलं, लग्नात वऱ्हाडाच्या बैलांना पाणी पाजायला ठेवू का? म्हणाले, भरून बघितली, थेंब गळंना.
बाहेरून आत गळते, आतून बाहेर गळत नाही. हे कसं केलं ते मला आता आठवत नाही. पण काम पक्कं आहे.
आईला सगळं सांगितलं. ती आधी रडली. मग पातेलं कुठाय विचारलं. तेही पल्याड आहे. मग पुन्हा रडली.

२५ एप्रिल.
संकल्प: यापुढे कुणाचाही निरोप घ्यायचा नाही. घेतला तर लगेच द्यायचा.
बीबीजान आली होती. दारातच बसली. आईला सांगत होती, मी येगळं काय बोल्ली गं? मला बघून म्हणाली, जुळली म्हनू की जुळलं, सायेब?
राग आवरला. आवरला म्हणजे गोठ्यात जाऊन बसलो.

२६ एप्रिल.
खाज अजून आहे.

२९ एप्रिल.
आज जेवताना आबा भाकरी मोडता मोडता, माझ्याकडे न बघता म्हणाले, जूनमधी नाव घालायचं.
मी हातातला घास खाली ठेवला आणि, काही करायच्या आधी, कुठे ते नीट विचारून घेतलं.
कॉलेजात.